वाचकांचे प्रश्न : स्मार्ट घर आज बसवावे, उद्या बदलता यावे

मोबाइलवरून किंवा आवाजावर चालणारे दिवे, पंखे, कुलपे आणि कॅमेरे यांविषयी आमच्याकडे आलेल्या पत्रांत एक काळजी पुन्हा पुन्हा दिसते. आज एवढा खर्च करून बसवलेली यंत्रणा आणखी दहा वर्षांनी चालेल का, आणि तोवर घरातल्या गरजा बदलल्या तर ती त्यांच्याशी जुळवून घेईल का? त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या बंगल्याचे बांधकाम चालू आहे. तळमजला आणि वर एक मजला आहे. विटकाम झाले असून महिनाभरात प्लास्टर सुरू होईल. एका कंत्राटदाराने सर्व खोल्यांतील बटणे, दिवे, पडदे आणि एसी एकाच कंपनीच्या यंत्रणेवर चालवण्याचे पॅकेज सुचवले आहे. आमचा वायरमन मात्र म्हणतो, साधी वायरिंग करा, पुढे हवी तर वाय-फायची बटणे लावता येतील. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : प्लास्टरच्या आधी आपण विचारले, हे फार चांगले झाले. या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग भिंतीच्या आत असतो आणि तो नंतर सुधारायचा म्हटला, तर पुन्हा झिऱ्या मारणे, पुन्हा गिलावा, पुन्हा रंग, असा सगळा पसारा निघतो. घर आपण पन्नास वर्षांच्या हिशेबाने बांधतो, चांगल्या प्रतीच्या तांब्याच्या तारा वीस-पंचवीस वर्षे सहज टिकतात, पण मोबाइलशी जोडलेले उपकरण बहुधा पाच-सात वर्षांत जुने होते. कधी ते स्वतः बिघडते, तर कधी ते ठणठणीत असूनही कंपनी त्याच्याकडे पाहणे सोडून देते. म्हणून जे लवकर जुने होणार आहे ते भिंत न फोडता काढता आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्या दृष्टीने आपला वायरमन बरोबर बोलतो, पण ‘साधी वायरिंग’ म्हणजे नेमके काय, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.

त्या कागदावर पहिली नोंद न्यूट्रलची, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेची, असावी. आपल्याकडे ज्या बोर्डात सॉकेट असते तेथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही आलेले असतात. परंतु जिन्यातला टू-वे स्विच, न्हाणीघराबाहेरची दोन बटणे किंवा पलंगाच्या उशाजवळचा छोटा बोर्ड उघडून पाहिला, तर तेथे बहुधा फेज आणि दिव्याकडे जाणारी तार एवढेच सापडते, कारण न्यूट्रल छतातूनच दिव्याकडे गेलेला असतो. साध्या बटणाला त्याने काही फरक पडत नाही. स्मार्ट बटणाला मात्र दिवा बंद असतानाही स्वतः जागे राहण्यासाठी थोडी वीज लागते. न्यूट्रल नसेल तर ही वीज दिव्यातूनच ओढावी लागते आणि मग कमी वॉटचे एलईडी दिवे बंद असूनही मंद लुकलुकत राहतात. प्रत्येक बोर्डापर्यंत न्यूट्रल नेण्याचा खर्च आज केवळ काही मीटर तारेचा आहे. तो न्यूट्रल त्याच सर्किटचा असावा, एवढी काळजी घ्या. शेजारच्या सर्किटचा उसना घेतला, तर आरसीसीबी (वीजगळती जाणवताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडते आणि दोष कोठे आहे हे शोधताना वायरमन हैराण होतो.

दुसरी नोंद भिंतीतल्या डब्यांच्या खोलीची. नेहमीच्या मॉड्यूलर बटणामागे काड्यापेटीएवढे रिले मॉड्यूल, म्हणजे मोबाइलच्या आज्ञेवर वीज चालू-बंद करणारे यंत्र, बसवता येते. त्याला फेज, न्यूट्रल, दिव्याची तार आणि बटणाकडून येणाऱ्या दोन बारीक तारा जोडतात. ही पद्धत मला सर्वांत जास्त पसंत आहे, कारण भिंतीवर बटण नेहमीचेच राहते, ते दाबले की घरातल्या आजींना आणि नव्याने आलेल्या पाहुण्यांनाही दिवा लावता येतो, आणि पुढे मॉड्यूल बंद पडले तर ते काढून तारा पूर्ववत जोडण्याचे काम अर्ध्या तासाचे असते. मात्र उथळ डब्यात तारांच्या वेटोळ्यांमागे ते मावत नाही, दाबून बसवले तर तापते. त्यामुळे डबे किमान ५० मिलिमीटर खोल घ्यावेत आणि बोर्डात एक-दोन जागा मोकळ्या ठेवाव्यात.

तिसरी नोंद रिकाम्या पाइपांची, आणि माझ्या मते पैशांच्या मानाने सर्वांत मोठा लाभ याच कामात आहे. घराच्या मध्यावर, जेथे हवा खेळती राहील अशा ठिकाणी, राउटर आणि इतर सामानासाठी एक छोटे कपाट ठरवा. तेथून प्रत्येक खोलीपर्यंत, दोन्ही मजल्यांच्या छताच्या मध्यापर्यंत, मुख्य दारापर्यंत, फाटकापर्यंत आणि गच्चीपर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप टाका. छतातले पाइप स्लॅब भरतानाच टाकलेले नसतील, तर फॉल्स सीलिंगमधून किंवा भिंतीच्या माथ्यावरून न्या. ज्यात आज तार घालायची नाही त्यातही ओढायला एक मजबूत दोरी घालून ठेवा. हे पाइप २३० व्होल्टच्या तारांपासून वेगळे असावेत. मुख्य ठिकाणी आजच नेटवर्कची कॅट-६ केबल घाला. तिची मर्यादा १०० मीटर असल्याने बंगल्यात अडचण येत नाही, आणि छतावरचे वाय-फाय यंत्र किंवा कॅमेरा त्याच केबलमधून वीजही घेऊ शकतो. सिमेंट-सळ्यांच्या भिंतीतून वाय-फाय किती क्षीण होते, हे वरच्या मजल्यावर राहायला गेल्यावर कळते आणि तेव्हा उपाय महाग पडतो. याच जोडीला गच्चीपासून डीबीपर्यंत, म्हणजे घरातल्या वीजवाटपाच्या मुख्य पेटीपर्यंत, सौर पॅनेलसाठी आणि डीबीपासून गाडी उभी करण्याच्या जागेपर्यंत चार्जिंगसाठी जाड पाइप टाकून ठेवावा, आणि डीबी आजच्या गरजेपेक्षा मोठी घ्यावी. प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीसमोर मापपट्टी धरून छायाचित्रे काढा व ती जपून ठेवा; पुढे भिंतीला भोक पाडणारा प्रत्येक माणूस आपल्याला दुवा देईल.

आता कंत्राटदाराच्या पॅकेजविषयी. अशा केंद्रीय यंत्रणा सरसकट वाईट नसतात. केएनएक्स या मानकाचे उदाहरण घ्या. त्याची मुळे १९९० च्या सुमाराच्या युरोपातील आहेत, त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा आहे आणि अनेक उत्पादक त्याची एकमेकांशी जुळणारी उपकरणे बनवतात. म्हणून एका उत्पादकाने हात आखडता घेतला तरी दुसऱ्याचे बटण त्याच तारेवर चालते. पण त्यासाठी घरात वेगळी तार फिरवावी लागते, खर्च बराच येतो आणि लहानसा बदल करायलाही प्रशिक्षित माणूस लागतो. कंत्राटदाराला दोन गोष्टी स्पष्ट विचारा : ही यंत्रणा खुल्या मानकाची आहे की केवळ एका कंपनीची, आणि काम संपल्यावर संपूर्ण आज्ञावलीची प्रोजेक्ट फाइल व सर्व पासवर्ड तुम्ही आमच्या हाती द्याल का? ही फाइल मालकाकडे नसेल, तर एका खोलीतला दिवा दुसऱ्या बटणाला जोडण्यासाठीही सगळी यंत्रणा पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागू शकते. अंतिम रक्कम फाइल हाती आल्यावरच द्यावी. यंत्रणा एकाच कंपनीची असेल आणि फाइल देण्याची तयारी नसेल, तर पॅकेज कितीही देखणे असले तरी मी ते घेण्याचा सल्ला देणार नाही.

गीझरबद्दल एक सूचना येथेच करतो. ३ किलोवॉटचा गीझर सुमारे १३ अँपिअर वीज सलग ओढतो. १० अँपिअरचे छोटे मॉड्यूल त्याच्यासाठी वापरू नये. त्याला पुरेशा क्षमतेचा स्वतंत्र स्विच किंवा कॉन्टॅक्टर (मोठा वीजप्रवाह चालू-बंद करणारे यंत्र) लावावा.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी घेतलेले स्मार्ट प्लग आणि रंगीत दिवे चांगले चालत होते. आता त्या कंपनीचे ॲपच बंद झाले आहे. दिवे फक्त पांढरे लागतात आणि प्लगचे वेळापत्रक बदलता येत नाही. पुन्हा अशी फसगत होऊ नये म्हणून खरेदी करताना काय पाहावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला झालेला मनस्ताप मी समजू शकतो, कारण वस्तू बिघडलेली नसताना ती निरुपयोगी होणे हे ग्राहकाच्या दृष्टीने अन्यायाचेच आहे. अशा उपकरणांत आपण मोबाइलवर बोट ठेवले की आज्ञा थेट दिव्याकडे जात नाही. ती कंपनीच्या, बहुधा दूरवरच्या, सर्व्हरवर जाते आणि तेथून फिरून आपल्या दिवाणखान्यात येते. सर्व्हर बंद झाला की हा मार्गच तुटतो.

यापूर्वी अमेरिकेत घडलेल्या तीन घटना पाहण्यासारख्या आहेत, कारण तिन्हींत ग्राहकांचे नुकसान सारखे झाले नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा २९९ डॉलरचा हब, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणे एकत्र जोडणारे यंत्र, होता. २०१४ मध्ये गूगलच्या गटातल्या नेस्टने ती कंपनी घेतली आणि १५ मे २०१६ रोजी सेवा बंद केली, तेव्हा तो हब पूर्णपणे निकामी झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचना न देता बंद पडले, पण तिची भिंतीवरची बटणे हाताने चालत राहिली; पुढे ग्राहकांच्याच एका लहान गटाने ती कंपनी विकत घेतली. बेल्किनने आपल्या वीमो उपकरणांची ॲप-सेवा ३१ जानेवारी २०२६ पर्यंतच राहील असे जाहीर केले, तेव्हा ज्यांनी ती उपकरणे त्याआधी ॲपलच्या होमकिट या घरगुती यंत्रणेशी जोडून घेतली होती त्यांना ती पुढेही वापरता येणार होती, कारण तो संवाद घरातल्या घरात होतो. उपकरणाला कंपनीशिवाय दुसरा मार्ग होता की नाही, एवढ्यावरच ग्राहकाचे नशीब ठरले.

म्हणून पेटीवर प्रथम मॅटर या, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळवणाऱ्या, मानकाचे चिन्ह शोधा. ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि तेव्हाची झिग्बी अलायन्स ही उद्योगसंघटना यांनी डिसेंबर २०१९ मध्ये त्याचे काम एकत्र हाती घेतले आणि त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. मॅटरची आज्ञा घरच्या नेटवर्कवरच फिरते, आणि एकच दिवा एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपना जोडता येतो. उद्या त्यांतले एक ॲप गेले तरी दुसरे हाताशी राहते. मात्र या चिन्हावर सगळा भार टाकू नका. उत्पादकाच्या काही खास सोयी त्याच्या स्वतःच्या ॲपमध्येच राहतात, आणि सुरक्षेची दुरुस्ती शेवटी उत्पादकाकडूनच यावी लागते. कॅमेरा घेताना ओएनव्हीआयएफ हे मानक पाळलेले आहे का ते विचारा, म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र दुसऱ्या कंपनीचे घेता येईल.

दुकानदाराच्या शब्दापेक्षा खात्रीची अशी एक चाचणी घरी करता येते. वस्तू परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी ती जोडा, वेळापत्रक लावा, आणि मग राउटर चालू ठेवून केवळ बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढा. त्यानंतरही मोबाइलवरून दिवा लागला आणि ठरल्या वेळी विझला, तर ते उपकरण आपल्या घरात खऱ्या अर्थाने आपले आहे. तसे झाले नाही, तर किंमत कमी असली तरी परत करावे.

सुरक्षेची अद्यतने किती वर्षे मिळतील, हाही प्रश्न विचारायलाच हवा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून उत्पादकाला ही मुदत जाहीर करावी लागते आणि सर्वांना एकच सोपा पासवर्ड देऊन वस्तू विकता येत नाही. युरोपीय संघाच्या नव्या कायद्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होतील आणि त्यांत ही मुदत सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांची आहे. हे नियम कागदी नाहीत. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यांच्याच साहाय्याने २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. एखादी कंपनी तीच वस्तू ब्रिटनमध्ये विकत असेल, तर तिच्या संकेतस्थळावर ही मुदत सापडू शकते; ती शोधून पाहावी.

आपले जुने प्लग आणि दिवे लगेच टाकून देऊ नका. होम असिस्टंट ही २०१३ मध्ये सुरू झालेली खुली, विनामूल्य प्रणाली घरातल्या एका छोट्या संगणकावर चालते आणि अशी कित्येक उपकरणे कंपनीच्या सर्व्हरशिवाय हाताळते. घरात कोणाला संगणकाची आवड असेल, तर आपले मॉडेल तिला जुळते का हे जरूर पाहावे. मात्र त्यासाठी प्लग उघडून आत तारांना डाग देण्याची (सोल्डरिंगची) वेळ येत असेल, तर तो नाद सोडावा. २३० व्होल्टच्या वस्तूवर घरगुती प्रयोग करू नयेत. जे खरोखर वापरण्यासारखे उरले नसेल ते ई-कचरा संकलन केंद्रात द्यावे.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. आई-बाबा कोल्हापूरला दोघेच असतात, दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडली आहे. दिवाळीत येताना त्यांच्यासाठी येथून काही स्मार्ट उपकरणे आणावीत असा विचार आहे. कोणती आणावीत आणि ती मला येथून सांभाळता येतील का? — एक वाचक, अमेरिका

उत्तर : भिंतीत बसणारे काहीही तेथून आणू नका. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ वीज असते. तेथील बटण किंवा प्लग आपल्या २३० व्होल्टवर जळण्याचा धोका आहे, शिवाय त्याचा आकार आपल्या डब्यात बसत नाही. झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीची उपकरणे तर बॅटरीवर चालणारी असली तरी टाळावीत. अमेरिकेत ती ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात, भारतात त्यांच्यासाठी ८६५.२ मेगाहर्ट्झ ठरलेली आहे, त्यामुळे ती येथल्या हबशी बोलणार नाहीत आणि येथे त्या लहरी वापरण्याची परवानगीही नाही. झिग्बी, थ्रेड आणि वाय-फाय या बिनतारी पद्धतींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र दोन्हीकडे चालतो. तरीही सर्व वस्तू कोल्हापुरातच घ्याव्यात असे मी सुचवेन, कारण बिघाड झाल्यावर त्या बदलून आणणारा माणूस तेथलाच असणार आहे.

काय बसवावे, हे आई-बाबांबरोबर बसून ठरवा. या वयात सर्वांत उपयोगी ठरतो तो रात्री पलंगावरून पाय खाली टेकताच न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर मंद उजेड करणारा हालचाल-संवेदक. त्याला मोबाइल लागत नाही, आवाजाची आज्ञा लागत नाही, काही लक्षात ठेवावे लागत नाही. त्यानंतर गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र आणि दारावरचा कॅमेरा यांचा विचार करावा. घराच्या आतल्या खोल्यांत कॅमेरा लावण्याचा मोह मुलांना काळजीपोटी होतो, तो मला योग्य वाटत नाही. दार उघडल्याची किंवा सकाळी स्वयंपाकघरात वावर सुरू झाल्याची नोंद एवढ्याने ते ठीक आहेत हे कळते आणि त्यांचा खाजगीपणाही राहतो.

सांभाळण्याच्या दृष्टीने एक गोष्ट आग्रहाने सांगतो. खाते आपल्या वैयक्तिक ई-मेलवर उघडू नका. घरासाठी स्वतंत्र ई-मेल तयार करा, त्याला बाबांचा भारतीय मोबाइल क्रमांक जोडा, पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेवा आणि जवळ राहणाऱ्या एका विश्वासू नातेवाइकाला ती वही दाखवून ठेवा. नाहीतर ओटीपी जातो न्यू जर्सीला आणि दुरुस्तीला आलेला माणूस बसून राहतो कोल्हापुरात. आपण मुख्य मालक न राहता पाहुणे सदस्य म्हणून त्या खात्यात सामील व्हावे.

प्रश्न : पंख्यासाठी स्मार्ट रेग्युलेटर घेतला, पण नवा बीएलडीसी पंखा त्यावर नीट फिरत नाही. दोष कशात आहे? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोष कशातच नाही, जोडी चुकली आहे. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरीच्या, पंख्याच्या आत वेग ठरवणारे सर्किट असते आणि त्याला पूर्ण दाबाची अखंड वीज लागते. रेग्युलेटर तीच वीज तोडून किंवा कमी करून देतो. रेग्युलेटर काढून तेथे साधे बटण लावा आणि वेग पंख्याच्या रिमोटने किंवा त्याच्या ॲपने बदला. असा पंखा सुमारे ३० वॉटवर चालतो, जुना ७०-८० वॉट घेतो, तेव्हा पंखा ठेवून रेग्युलेटरच दुसऱ्या खोलीतल्या जुन्या पंख्याला देणे हिताचे आहे.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. मध्यरात्री ती आली की सगळे स्मार्ट दिवे एकदम लागतात. गेल्या वर्षी वळवाच्या पावसात राउटर आणि फाटकावरचा कॅमेरा दोन्ही जळाले. अशा ठिकाणी या वस्तू बसवाव्यात की नाही? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बसवाव्यात, पण कोकणातल्या विजेचा आणि हवेचा विचार करून. मध्यरात्री दिवे लागतात त्याचे कारण असे की, भिंतीवरचे बटण बंद करून पुन्हा चालू केले की दिवा लागलाच पाहिजे, या अपेक्षेने उत्पादक मूळ मांडणी ‘चालू’ अशी ठेवतात. वीज गेली की बटण बंद केले, हा भेद दिव्याला कळत नाही. बहुतेक ॲपमध्ये वीज आल्यावर काय करायचे याची मांडणी बदलता येते. तेथे ‘पूर्वीची स्थिती’ निवडावी. ती सोय नसलेले दिवे झोपण्याच्या खोलीत लावू नयेत.

राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो, त्याच्यासाठी लहान डीसी यूपीएस मिळतो. तो घेतला की वीज गेल्यावरही घरातले नेटवर्क जिवंत राहते आणि दर वेळी सर्व उपकरणे नव्याने जोडली जाण्याची वाट पाहावी लागत नाही. वळवाच्या विजांपासून संरक्षणासाठी डीबीमध्ये सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (अचानक वाढलेला दाब जमिनीत उतरवणारे यंत्र) बसवून घ्यावे. त्याचा उपयोग अर्थिंग चांगले असेल तरच होतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी अर्थिंग तपासून घ्यावे. फाटकावरचा कॅमेरा आणि राउटर एकत्र जळाले, यावरून दाब त्या दोघांना जोडणाऱ्या तांब्याच्या केबलमधून आला असण्याची दाट शक्यता दिसते. अंगणातून उघड्यावर जाणारी ही केबल काढून तेथे ऑप्टिकल फायबर टाकावी, कारण काचेतून विजेचा दाब वाहत नाही. कॅमेऱ्याला लागणारी वीज फाटकाजवळच्या दिव्याच्या सर्किटमधून देता येईल. खाऱ्या हवेने जोडांना हिरवा गंज चढतो, तेव्हा बाहेरचे प्रत्येक जोड पाणी न शिरणाऱ्या डब्यात आणि तारा खालच्या बाजूने आत घेऊनच करावेत.

विहिरीच्या किंवा टाकीच्या मोटरीला स्मार्ट बटण लावले असेल, तर तिच्यासाठी मात्र ‘पूर्वीची स्थिती’ न निवडता ‘बंद’ हाच पर्याय ठेवा. वीज येताच पहिली काही मिनिटे दाब वरखाली होतो, आणि त्या वेळी आपोआप सुरू झालेली मोटर कोरडी फिरली किंवा अडकली तर बघायला कोणी जागे नसते. टाकी भरल्यावर मोटर थांबवण्याचे काम पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लोट स्विचकडेच राहू द्या. मोबाइलवर केवळ पाणी किती आहे आणि मोटर चालू आहे की बंद, एवढे दिसले तरी पुरे.